एअर-कूल्ड इंजिनाचं मिश्रण लीन वाटतंय? जेट बदलायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोक्सवॅगन बीटलचं १६०० सीसी, ड्युअल पोर्ट इंजिन, त्यावर सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटर आणि ००९ डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा). इंजिन गरम झालं की आयडलिंग वरखाली होतं. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सर फटाके फोडतो. थांबलेली गाडी काढताना पाय दाबला की क्षणभर गचकते, मग उचलते. प्लग पांढरे निघाले. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणून १२७.५ चं मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारं भोक) काढून १३५ चं टाकायचा विचार आहे. टाकू का?

नका टाकू. निदान आत्ता तरी नको. तुमची चारही लक्षणं खरी आहेत आणि मिश्रण कुठेतरी लीन होत असणार, हेही खरं. पण त्यातली पहिली तीन जिथे घडतात तिथे मेन जेटचा जवळपास संबंधच येत नाही. चौथ्याबद्दल, म्हणजे पांढऱ्या प्लगांबद्दल, शेवटाकडे लिहितो.

मीही हेच केलं होतं, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. माझ्या पहिल्या बीटलचं आयडलिंग असंच नाचायचं. मी १३० टाकलं, मग १३५, मग आयडल जेटही मोठं केलं. गाडी पेट्रोल प्यायला लागली, तेलाला पेट्रोलचा वास यायला लागला आणि आयडलिंग होतं तिथेच राहिलं. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने मागचं इंजिनाचं झाकण उघडून डाव्या बाजूचा मॅनिफोल्डचा (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांपर्यंत मिश्रण नेणाऱ्या नळीचा) रबरी बूट दोन बोटांनी दाबून दाखवला. खालच्या अंगाने तो सबंध फाटलेला होता. वरून बघितलं तर नवाकोरा.

मेन जेटचा संबंध का नाही, ते आधी समजून घेऊ. कार्ब्युरेटर हे एक यंत्र नाही, एकाच डब्यात बसवलेली तीन-चार छोटी यंत्रं आहेत. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते तेव्हा पेट्रोल आयडल जेटमधून येतं. झडप किंचित उघडली की तिच्या कडेजवळची बारीक भोकं उघडी पडतात आणि तिथून थोडं जास्त पेट्रोल येतं. याला प्रोग्रेशन म्हणतात. पाय पटकन दाबला तर ॲक्सिलरेटर पंप एक पिचकारी मारतो. झडप बऱ्यापैकी उघडून व्हेंच्युरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून) हवा जोरात वाहायला लागली, म्हणजे मगच मेन जेटची पाळी येते. तुमचं आयडलिंग, उतारावरचे फटाके आणि निघतानाची गचक हे सगळं मेन जेट कामाला लागण्याच्या आधीचं आहे.

दुसरं असं की फटीतून घुसणारी फुकटची हवा थ्रॉटल कितीही उघडा असला तरी साधारण तेवढीच असते, किंबहुना थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो आणि ती कमीच होते. आयडलिंगला इंजिन एकूणच इतकी थोडी हवा घेतं की त्यात ती मोठा वाटा खाते. पूर्ण थ्रॉटलला तीच हवा नगण्य ठरते. तेव्हा गळती असताना मेन जेट मोठं केलं तर वेगात मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि आयडलिंगला लीनच राहतं. एकाच्या जागी दोन दुखणी. आणि १२७.५ वरून १३५ ही उडी दिसते तेवढी लहान नाही. आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे १.२७५ वरून १.३५ मिमी. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने वाहतं, त्यामुळे ही १२ टक्क्यांची वाढ झाली. १२७.५ वरून १३० गेलात तरी ४ टक्के होते. एका वेळी त्याहून मोठं पाऊल टाकायचं कारण मला कधी पडलेलं नाही.

आता एअर-कूल्ड इंजिनात या सगळ्याची एवढी काळजी का करायची? पाण्याच्या इंजिनात हेडभोवती पाणी असतं. एखादा सिलिंडर थोडा जास्त तापला तर ते पाणी उष्णता उचलतं आणि सगळीकडे पसरवतं. आपल्याकडे प्रत्येक सिलिंडर आपापल्या धातूच्या पात्यांवर (फिन्सवर) आणि आपल्या वाट्याला आलेल्या हवेवर जगतो. त्यात तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. १९७१ च्या आधीच्या इंजिनांत ऑइल कूलर फॅनच्या आवरणाच्या आतच, डाव्या बाजूच्या सिलिंडरांच्या वाटेत उभा असायचा आणि तिसऱ्याला गरम, अडलेली हवा मिळायची. जुन्या बऱ्याच डिस्ट्रिब्यूटरांत म्हणूनच तिसऱ्याचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मुद्दाम दोन-चार अंश मागे ठेवलेलं असतं. १९७१ पासून कूलर बाजूला सरकवून त्याला स्वतंत्र हवा दिली, तेव्हा परिस्थिती सुधारली. तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये पडण्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात, त्या बहुतेक तिसऱ्याच्याच असतात.

‘लीन म्हणजे गरम’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेला अर्धा भाग माहीत नसला की माणूस फसतो. पेट्रोलचं रासायनिकदृष्ट्या नेमकं मिश्रण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. एक्झॉस्टचं तापमान याच्या आसपास सर्वांत जास्त असतं, हेडचं त्याहून किंचित रिच बाजूला. दोन्हीकडून लांब गेलात की तापमान उतरतं, म्हणजे फार लीन केलं तरीही उतरतं. मग लीन बाजूला का जायचं नाही? कारण आपल्याकडे एक कार्ब्युरेटर लांब नळ्यांतून चार सिलिंडरांना वाढतो आणि पंगतीत सगळ्यांना सारखं वाढलं जात नाही. सरासरी १४.५ असेल तेव्हा एखादा १३.५ वर आणि दुसरा १५.५ वर असू शकतो. लीन बाजूला सरकलात तर एक सिलिंडर मिस करत असतो आणि दुसरा बरोबर सर्वांत तापट जागी बसलेला असतो. म्हणून पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३ आणि एका वेगाने चालताना १३.५ ते १४.५ यात मी समाधान मानतो. थोडं पेट्रोल जास्त जातं, जाऊ दे.

आणि हेड तापवण्यात टायमिंगचा हात मिश्रणापेक्षा कमी नसतो. टायमिंग जास्त पुढे असेल तर हेड तापतं, फार मागे असेल तर एक्झॉस्ट तापतो. इथूनच कामाचा क्रम ठरतो: आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले उघडमीट करणारे संपर्क), मग टायमिंग, मग हवेची गळती, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरचे स्क्रू. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक पुढची दुरुस्ती आधीची सेटिंग बिघडवते.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभी गाडी असेल तर उत्तम, इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही ०.१५ मिमी. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) मोजणारा मीटर असेल तर ४४ ते ५० अंशांत. पॉइंट लावल्यावर टायमिंग सरकतं, म्हणून ते नंतर. ००९ ला मी स्टॅटिक, म्हणजे इंजिन बंद असतानाच्या आकड्यापेक्षा वरच्या आरपीएमचा आकडा बघतो: ३,००० च्या वर जाऊन ॲडव्हान्स (टायमिंगचं पुढे सरकणं) थांबला की एकूण २८ ते ३२ अंश. खाली जे येईल ते येईल. टॅपेट लावताना एक वही ठेवा आणि कुठला व्हॉल्व्ह घट्ट झाला होता ते लिहा. एकच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर वेळी घट्ट सापडत असेल तर तो लांबतोय किंवा त्याची सीट खचतेय. त्या इंजिनाचं मिश्रण लावत बसू नका, हेड काढा.

आता गळती. तुमच्या वर्णनातलं ‘गरम झाल्यावर वरखाली’ वाचून माझा पहिला संशय इथेच आहे. ड्युअल पोर्टचं मॅनिफोल्ड तीन तुकड्यांचं असतं: मधली नळी, दोन टोकांची ओतीव तोंडं आणि त्यांना जोडणारे रबरी बूट. हे बूट इंजिनाच्या उष्णतेने कडक होतात आणि क्लिपखाली चिरतात. टोकांची तोंडं हेडवर नटांनी बसतात, त्यातले मागचे नट हाताला लागत नाहीत, म्हणून नेमके तेच ढिले असतात. कार्ब्युरेटरच्या बुडाचे दोन नट कोणीतरी जीव खाऊन आवळलेले असले तर बुडाची कड वाकते आणि नवीन गॅस्केट टाकूनही हवा जात राहते. पट्टी आडवी धरून फट दिसते का बघा. डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्यूम नळी नसेल, जशी ००९ ला नसते, तर कार्ब्युरेटरचं ते तोंड नीट बुजवलेलं आहे का? मी तिथे चिकटपट्टी गुंडाळलेली पाहिली आहे, आणि आतून वितळून सुटलेली.

शोधायचं कसं? बरेच जण कार्ब क्लीनर फवारतात आणि आरपीएम चढतो का बघतात. काम होतं, पण ठिणग्या उडणाऱ्या जनरेटरशेजारी आणि गरम एक्झॉस्टवर ज्वलनशील द्रव फवारणं मला आता जमत नाही. मी साध्या पाण्याची बारीक फवारणी करतो. इंजिन आयडलला ठेवून एकेका सांध्यावर हलकं धुकं मारायचं. फट असेल तर पाणी ती क्षणभर बुजवतं किंवा आत ओढलं जातं आणि आवाज बदलतो. डिस्ट्रिब्यूटरवर मात्र उडवू नका, नाहीतर भलताच आवाज ऐकू येईल. आणि हे गरम इंजिनावर करा, कारण काही फटी धातू पसरल्यावरच उघडतात. थंड इंजिनावर सगळं ठीक दिसतं.

थ्रॉटलच्या दांड्याची झीज हा वेगळा प्रकार आहे. दांडा बोटांनी वर-खाली हलवून बघा. थोडी हालचाल सगळ्याच जुन्या कार्ब्युरेटरांत असते, पण हलवल्याने आरपीएम बदलत असेल तर तिथून हवा जातेय. यावर घरगुती इलाज नाही. भोक मोठं करून बुश बसवावा लागतो. ते होईपर्यंत आयडलिंग कधीच स्थिर राहणार नाही हे स्वीकारा, स्क्रूशी भांडू नका.

मॅनिफोल्ड पुन्हा बसवताना सगळं आधी ढिलं लावा. मग टोकांची तोंडं हेडवर आवळा, त्यानंतर हीट रायझरची जोडणी, शेवटी बुटांच्या क्लिपा. हीट रायझर म्हणजे मधल्या नळीखालून एक्झॉस्टचा गरम वायू नेणारी बारीक नळी. ती आधी आवळली तर सगळं मॅनिफोल्ड वाकडं ओढलं जातं आणि तुम्ही स्वतःच्या हाताने नवी गळती तयार करता. तीच नळी आतून काजळीने बुजलेली असू शकते. इंजिन दहा मिनिटं चाललं की तिच्या दोन्ही टोकांवर पाण्याचा थेंब टाका. दोन्हीकडे चुरचुरला पाहिजे. एका बाजूला नुसता ओघळला तर नळी बंद आहे. मग मॅनिफोल्ड थंड राहतं, दमट हवेत त्यावर बाहेरून दव, कधी हिमही धरतं, पेट्रोलची वाफ न होता ते भिंतीवरून ओघळतं आणि पाय दाबल्यावर आधी लीन, मग एकदम रिच असं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं जेट चुकलंय.

एवढं सगळं झालं असेल तर आता कार्ब्युरेटर. ३४ पिक्ट-३ मध्ये लोक ज्या एका गोष्टीत सर्वांत जास्त चुकतात ती ही: आयडलिंगचा आरपीएम थ्रॉटलच्या लिव्हरवरच्या स्क्रूने लावायचा नसतो. जुन्या ३० पिक्ट-१ मध्ये तसं होतं आणि ती सवय लोकांनी इथे आणली. ३४ पिक्ट-३ च्या डाव्या बाजूला दोन स्क्रू असतात. मोठा तो बायपास, लहान तो व्हॉल्यूम कंट्रोल. आयडलिंगची हवा थ्रॉटलच्या झडपेला वळसा घालून बायपासमधून जाते. आरपीएम मोठ्या स्क्रूने, मिश्रण लहान स्क्रूने. झडप जवळजवळ बंद राहिली पाहिजे, कारण प्रोग्रेशनची भोकं तिच्या कडेशी अगदी मापात पाडलेली असतात. लिव्हरच्या स्क्रूने झडप उघडी ठेवलीत तर ती भोकं आयडलिंगलाच उघडी पडतात. मग व्हॉल्यूम कंट्रोल फिरवूनही फरक पडत नाही आणि पाय दाबल्यावर जे जास्तीचं पेट्रोल यायचं असतं ते आधीच खर्च झालेलं असतं. गाडी गचकते. तुमच्यासारखी.

तपासायला सोपं आहे. इंजिन गरम आणि आयडलला असताना मोठा स्क्रू हळूहळू पूर्ण आत घ्या. इंजिन बंद पडलं पाहिजे. पडत नसेल तर झडप उघडी आहे किंवा गळती राहिली आहे. तसंच आयडलचं पेट्रोल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) वायर काढा. इंजिन लगेच मेलं पाहिजे. चालूच राहिलं तर पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येतंय. मग फ्लोटची पातळी बघा. वर चढली असेल तर नीडल व्हॉल्व्ह आणि पेट्रोल पंपाचा दाब तपासा. नीडल व्हॉल्व्हखालचा वॉशर जाड केला की पातळी खाली येते. पंप नवीन बसवल्यावर एकाएकी गाडी रिच झाली असेल तर जेटकडे न बघता दाबाकडे बघा.

आता सेटिंग. गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा, नुसती उभी ठेवून गरम करू नका. एअर क्लीनर जागेवर असू द्या. तो काढून केलेली सेटिंग तो बसवला की बदलते. चोकची झडप पूर्ण उभी झाली आहे याची डोळ्यांनी खात्री करा. मग लिव्हरचा स्क्रू इतका सैल करा की तो पायरीच्या चकतीला टेकत नाही, पुन्हा आत घेत नेमका टेकेपर्यंत आणा आणि तिथून पाव फेरा आत. या स्क्रूचं काम संपलं, परत त्याला हात लावायचा नाही.

लहान स्क्रू हलक्या बोटांनी बुडाला टेकेपर्यंत आत घ्या आणि अडीच फेरे बाहेर काढा. हलक्या बोटांनी म्हणजे खरंच हलक्या. जोरात आवळलेल्या स्क्रूच्या टोकाला खाच पडते आणि पुढे तो कधीच नेमका लागत नाही. एकदा तो पूर्ण बाहेर काढून टोक बघा. गोल खाच दिसली तर बदला, आणि जुनी रबरी रिंग आत राहिली नाही ना तेही बघा. इंजिन सुरू करून मोठ्या स्क्रूने ८५० आरपीएम आणा. आता लहान स्क्रू हळूहळू आत-बाहेर करून आरपीएम सर्वांत जास्त कुठे होतो ते शोधा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर इंजिनाला काही सेकंद द्या. सर्वांत वरची जागा सापडली की स्क्रू आत घेत २० ते ३० आरपीएम कमी होऊ द्या. मोठ्या स्क्रूने पुन्हा ८५० ते ९०० करा. आत म्हणजे लीन, बाहेर म्हणजे रिच, हे लक्षात असू द्या. एक्झॉस्ट वायू तपासायचं यंत्र हाताशी असेल तर कार्बन मोनॉक्साइड २ ते ४ टक्क्यांत सापडेल. ते नसलं तरी कान पुरतो.

एक खूण सांगतो. लहान स्क्रू सर्वोत्तम जागी असताना तो बुडापासून दीड ते साडेतीन फेरे बाहेर असेल तर आयडल जेट योग्य आहे. चार-पाच फेरे बाहेर काढूनही इंजिन अजून मागतच असेल तर जेट लहान आहे, कचऱ्याने अर्धवट बंद आहे, किंवा गळती राहिलीच आहे. मी या तिन्हींत आधी जेट काढून उजेडाकडे धरून बघतो. तारेने कधीही साफ करू नका, हवा मारा. पितळ मऊ असतं आणि तारेने भोक मोठं झालं तरी वरचा आकडा तोच राहतो. जुन्या कार्ब्युरेटरांत आकडा एक आणि भोक दुसरंच असं मी इतक्या वेळा पाहिलंय की वापरलेल्या जेटच्या आकड्यावर आता विश्वासच ठेवत नाही.

निघतानाची गचक याने बरीच कमी होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही. याचं कारण तुमच्या ००९ मध्ये आहे. तो फक्त वजनांवर चालतो, म्हणजे आरपीएम वाढल्यावरच टायमिंग पुढे नेतो. पाय हलका दाबला की मिश्रणाला जळायला जास्त वेळ लागतो आणि त्या क्षणी टायमिंग पुढे असायला हवं. ते काम व्हॅक्यूमचं. ३४ पिक्ट-३ हा कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवाल्या डिस्ट्रिब्यूटरसोबत चालायला बेतलेला आहे. ००९ बरोबर ही गचक इतकी ठरलेली आहे की मी कार्ब्युरेटर बघण्याआधी डिस्ट्रिब्यूटरवरचा नंबर वाचतो. आयडल जेट एक नंबर मोठं करून ती झाकता येते, बरेच जण तेच करतात. व्हॅक्यूम डिस्ट्रिब्यूटर बसवला तर झाकायची गरजच राहत नाही. त्याआधी ॲक्सिलरेटर पंपाची पिचकारी मात्र बघून घ्या: इंजिन बंद ठेवून, वरून आत बघत लिव्हर ओढा. लिव्हर हलल्याबरोबर, जराही उशीर न होता, सलग धार आली पाहिजे आणि ती भिंतीवर न आपटता झडपेच्या फटीत गेली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर पंपाचा पडदा गेलाय.

उतारावरच्या फटाक्यांचं गणित थोडं निराळं. थ्रॉटल बंद, आरपीएम जास्त, सिलिंडरमध्ये मिश्रण इतकं थोडं की ते पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे बाहेरची ताजी हवा मिळाली की फुटतं. लीन आयडलमुळे न पेटणं वाढतं, पण ताजी हवा बहुधा एक्झॉस्टच्या सांध्यांतून येते. सायलेन्सरच्या क्लिपा आणि हेडजवळची गॅस्केटं बघा. सांध्याभोवती काळी राख उमटलेली असते. अधूनमधून एखादा बारीक फटाका निरोगी इंजिनही फोडतं, त्यासाठी झोप घालवू नका.

मग मेन जेट कधी? वर लिहिलेलं सगळं झाल्यावर, थ्रॉटल अर्ध्याहून जास्त उघडा असताना गाडी खेचत नसेल, किंवा पूर्ण थ्रॉटलवर पाय जरासा मागे घेतल्यावर उलट जास्त खेचत असेल, तेव्हा. दुसरं लक्षण लीनचं जुनं आणि भरवशाचं आहे. मेन जेट फ्लोटच्या भांड्याच्या बाजूच्या षटकोनी बुचामागे असतं, त्यामुळे कार्ब्युरेटर उतरवावा लागत नाही. पण बूच काढलं की भांड्यातलं पेट्रोल खाली सांडतं, म्हणून इंजिन थंड असताना आणि खाली फडकं धरूनच. इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरत असाल तर जेट बदलायला सबळ कारण आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. त्याचं नेमकं मिश्रण ९ ला १ आहे, त्यामुळे १० टक्के इथेनॉल असलं की तेच जेट साधारण ४ टक्के लीन पडतं, २० टक्क्यांना ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पहिल्याला एक नंबर, दुसऱ्याला दोन. उंचीवर उलटं होतं. १,००० मीटर चढलात की हवा साधारण ९ टक्के विरळ होते आणि मिश्रण सुमारे ५ टक्के रिच. डोंगरावर लावलेली गाडी खाली आणून तशीच पळवू नका.

आता पांढरे प्लग. शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळात प्लगचा तपकिरी रंग बरंच सांगायचा. आताच्या पेट्रोलवर योग्य मिश्रणातही पोर्सेलिन फिकट, करडं किंवा जवळजवळ पांढरं राहतं. शिवाय आयडल करत घरी आणून काढलेला प्लग फक्त आयडलिंगची हकिकत सांगतो. मेन जेटचं बघायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन एकदम क्लच दाबा आणि इंजिन तिथेच बंद करा, गाडी घरंगळत बाजूला घ्या. थंड झाल्यावर प्लग काढून पोर्सेलिनच्या अगदी बुडाशी, जिथे ते धातूत शिरतं तिथे भिंगाने बघा. तिथे बारीकशी काळपट कडी दिसली तर मेन जेट ठीक आहे. चकचकीत कोरं पांढरं, किंवा पोर्सेलिनवर चमकणारे बारीक कण दिसले तर लगेच थांबा. ते कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. आणि चारही प्लग क्रमाने मांडा. १ आणि २ उजवीकडचे, ३ आणि ४ डावीकडचे. एकाच बाजूचे दोन कोरे असतील तर जेट निर्दोष आहे, त्या बाजूचा बूट किंवा तोंड दोषी.

हल्ली वाइडबँड सेन्सर लावून आकडा बघणारे बरेच आहेत. चांगलं साधन आहे, मीही वापरतो. पण तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. एक्झॉस्टचा सांधा गळत असेल तर बाहेरची हवा आत येऊन आकडा लीन दाखवतो. सिलिंडर मिस करत असेल, अगदी रिचमुळे मिस करत असेल, तरी न वापरलेला ऑक्सिजन तसाच येतो आणि आकडा लीनच दाखवतो. अशा वेळी आणखी पेट्रोल देणारे मी पाहिले आहेत. सेन्सर चारही नळ्या जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे बसवा आणि इंजिन चालू असताना त्याचा वीजपुरवठा तोडू नका, काजळीने मरतो. तरीही तो सरासरीच सांगणार. म्हणून मला एकच मीटर घ्यायचा असेल तर मी तिसऱ्या नंबरच्या प्लगखाली बसणारा हेड तापमानाचा घेईन. एका वेगाने जाताना १५० ते १९० अंश सेल्सिअस चालतं. २०५ च्या वर बराच वेळ राहिलं तर पाय काढा, आणि चूक टायमिंगची आहे, मिश्रणाची की कुलिंगच्या पत्र्यांची, ते शोधा.

पत्र्यांवरून आठवलं. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी आणि खालचे पत्रे जागेवर आहेत का? ती पट्टी नसेल तर खालची गरम हवा वर येते आणि फॅन व कार्ब्युरेटर दोघंही तीच ओढतात. तसंच उजव्या सिलिंडरांखालचा थर्मोस्टॅट आणि आतल्या झडपा कोणी ‘थंड राहील’ म्हणून काढून टाकल्या असतील तर इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं. तुमचा इलेक्ट्रिक चोक मात्र विजेच्या गरमीवर ठरलेल्या वेळेत उघडतो. म्हणजे चोक उघडला आणि इंजिन अजून थंडच, अशी काही मिनिटं रोज येतात, आणि तेवढ्या वेळात गाडी हुबेहूब लीन वागते.

तुम्ही पाण्याची फवारणी आणि मोठा स्क्रू पूर्ण आत घेऊन बघायची चाचणी या दोन गोष्टी आधी करा. दोन्हींना मिळून अर्धा तास लागेल. मग लहान स्क्रू किती फेऱ्यांवर लागला आणि चार प्लग क्रमाने कसे दिसले ते सांगा. १३५ चं जेट आणलेलंच असेल तर ठेवून द्या. १३० चं लागलं तर लागेल.